सभागृहाच्या पत्त्यावर

१८९१ च्या एप्रिलमध्ये प्योत्र चायकॉव्स्की न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरला. वय पन्नास, सोबतीला कुणी नाही आणि घरच्या ओढीनं जीव कासावीस. सातव्या अ‍ॅव्हेन्यूवर बांधलेल्या नव्या संगीतगृहाच्या उद्‌घाटनासाठी त्याला बोलावलं होतं. तेच पुढं कार्नेगी हॉल म्हणून जगाला माहीत झालं. ५ मेच्या पहिल्याच मैफलीत त्यानं स्वतःची रचना संचालित केली. या दौऱ्यातली त्याची रोजनिशी उपलब्ध आहे. तिच्यात मेजवान्या आहेत, भेटीला येणाऱ्यांची रीघ आहे, नायगाऱ्याचा धबधबा आहे आणि एक बारीकशी नोंदही आहे. अमेरिकेच्या कानाकोपऱ्यातून सही मागणारी पत्रं येताहेत, आणि आपण त्यांना इमानेइतबारे उत्तरं देतो आहोत, असं त्यानं लिहून ठेवलंय.

मैफलीला न जाता मैफलीतल्या माणसाची सही पोस्टानं घरी मागवायची, ही हौस तोवर चांगलीच मुरली होती. पुढच्या शंभर वर्षांत तिचा एक पक्का रिवाज बनला. कलावंताच्या घराचा पत्ता सहसा कुणाला ठाऊक नसायचा, आणि ठाऊक असला तरी कलावंत घरी नसायचा. पण अमुक तारखेला तो अमुक गावातल्या अमुक सभागृहात असणार, हे वर्तमानपत्रात छापून आलेलं असायचं. फिरत्या माणसाचा भरवशाचा पत्ता तोच. म्हणून पाकिटावर आधी कलावंताचं नाव, खाली सभागृहाचं नाव आणि कोपऱ्यात कार्यक्रमाची तारीख घालून ते पंधरा-वीस दिवस आधी टाकायचं. आत गाण्याचं छापील पान, फोटो, कार्यक्रमपत्रिका किंवा रेकॉर्डचं कव्हर. सोबत परतीचं पाकीट. मग वाट बघायची.

हे इतकं साधं वाटणारं काम शक्य व्हायला मात्र पोस्टाचा सगळा हिशेब उलटा व्हावा लागला.

सही गोळा करण्याची आवड पोस्टाच्या तिकिटाहून बरीच जुनी. सोळाव्या शतकात जर्मन विद्यापीठांतले, विशेषतः विटेनबर्गचे विद्यार्थी एक वही बाळगत. तिच्यात मित्र आणि गुरुजन चार ओळी लिहून सही करत. मार्टिन ल्यूथरच्या हस्ताक्षरातली अशी पानं आजही जपलेली आहेत. संगीतकारही या वह्यांमध्ये भेटतात. मोत्सार्टनं १७८७ मध्ये व्हिएन्नातल्या एका मित्राच्या वहीत चक्क इंग्रजीत मजकूर लिहिला. १७९२ मध्ये बेथोव्हेन बॉन सोडून व्हिएन्नाला निघाला, तेव्हा त्याच्या मित्रांनी त्यालाच अशी वही भरून दिली. काउंट वाल्डस्टाइननं तिच्यात लिहिलेला निरोप त्याच्या प्रत्येक चरित्रात सापडतो. या सगळ्या सह्यांना ओळखीचा आधार होता. लिहिणारा आणि वहीचा मालक समोरासमोर बसलेले असत.

अनोळखी माणसाला पत्र पाठवून सही मागणं त्या काळी उद्धटपणाच ठरला असता, आणि त्यामागं व्यवहार होता. इंग्लंडमध्ये १८४० पूर्वी टपालखर्च बहुधा पत्र घेणाऱ्याच्या माथी पडे. दर अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे; पाकीट वापरलं तर तेही एक कागद म्हणून मोजलं जाई. म्हणजे सही मागणाऱ्यानं पत्र टाकायचं आणि पैसे मोजायचे ते गायिकेनं! रोलंड हिलच्या सुधारणेनं हे चक्र फिरलं. जानेवारी १८४० पासून इंग्लंडभर अर्ध्या औंसाच्या पत्राला एक पेनी, तीही पाठवणाऱ्यानं आधी भरायची. त्याच वर्षी मे महिन्यात काळं पेनी तिकीट आलं. अमेरिकेनं १८४५ आणि १८५१ मध्ये दर खाली आणले आणि १८५५ पासून आगाऊ भरणा सक्तीचा केला. आता पत्रात एक जादा तिकीट घालून उत्तराचाही खर्च आपणच उचलता येऊ लागला. मराठी मासिकांना कथा-कविता पाठवणाऱ्या पिढ्यांना ही अट तोंडपाठ आहे : स्वतःचा पत्ता लिहिलेलं, पुरेशी तिकिटं लावलेलं पाकीट सोबत जोडावं. संपादकाकडून ‘साभार परत’ येण्यासाठी जे पाकीट लागायचं, तेच सहीवाल्यांचंही मुख्य हत्यार.

दुसरी गरज होती वेळापत्रकाची. ११ सप्टेंबर १८५० ला स्वीडनची गायिका जेनी लिंड न्यूयॉर्कच्या कॅसल गार्डनमध्ये पहिल्यांदा गायली. तिच्या दौऱ्याचा आयोजक पी. टी. बार्नम यानं तिकिटांचा लिलाव लावला होता. पहिलं तिकीट जॉन जेनिन नावाच्या टोपीविक्यानं २२५ डॉलरला घेतलं आणि त्या जाहिरातीवर आपला धंदा वाढवला. लिंडनं बार्नमसाठी पुढं नव्वदच्या वर मैफली केल्या. कोणतं गाव, कोणती तारीख, कोणतं सभागृह, हे सगळं वर्तमानपत्रं आठवडे आधी छापत होती. रेल्वे, तार आणि वर्तमानपत्र यांनी मिळून कलावंताच्या भ्रमंतीचा नकाशा सर्वांसमोर मांडला. १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरीनं छोट्या, स्वस्त छायाचित्र-कार्डांचं पेटंट घेतलं. आता पाकिटात घालायला एक चीजही मिळाली.

एक माणूस मात्र या सगळ्या काळात कायम मधे होता आणि त्याच्याकडं कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. तो म्हणजे मध्यस्थ. बेथोव्हेनच्या चरित्रांत १८२६ चा एक किस्सा येतो. पियानोवादक आंतोन हाल्मच्या बायकोला बेथोव्हेनच्या केसांची बट हवी होती. मागणी बेथोव्हेनचा मित्र कार्ल होल्त्स याच्या मार्फत गेली, आणि हाल्मच्या घरी आली ती बोकडाच्या केसांची जुडी. खरा प्रकार कळल्यावर बेथोव्हेननं स्वतःचे केस कापून दिले म्हणतात. प्रतिष्ठिताची खूण दुसऱ्याच्या हातून मागवली की ती अस्सल निघेल याची हमी नाही, हे सह्यांची साथ पसरण्याआधीच सिद्ध झालं होतं.

सहीवाल्यांमध्ये सर्वांत हुशार ठरला तो ब्रुकलिनचा एक पोरगा. एडवर्ड बोक १८६३ मध्ये हॉलंडमध्ये जन्मला, सातव्या वर्षी कुटुंबाबरोबर अमेरिकेत आला आणि शाळा सोडून वेस्टर्न युनियनच्या तार कचेरीत हरकाम्या म्हणून लागला. ट्रामचे पैसे वाचवून त्यानं थोरांच्या चरित्रांचा कोश घेतला. तो वाचताना त्याला प्रश्न पडू लागले आणि त्यानं ते थेट त्या थोरांनाच विचारले. जनरल गारफिल्ड लहानपणी कालव्यावरच्या होडीचं जनावर हाकत होते हे खरं का? गारफिल्ड यांनी खुलासेवार उत्तर पाठवलं. बोकला मर्म सापडलं : नुसती सही मागितली की चिठोऱ्यावर नाव मिळतं, नेमका, उत्तर द्यावंसं वाटेल असा प्रश्न विचारला की पूर्ण पत्र मिळतं आणि त्याखाली सही आपोआप येते. ग्रँट, टेनिसन, लाँगफेलो अशा नावांनी त्याचा संग्रह भरत गेला.

बोकची गोष्ट इथं आणखी एका कारणासाठी महत्त्वाची. त्या वेळची नाटकगृहातली कार्यक्रमपत्रिका म्हणजे एक भलं मोठं, हाताळायला गैरसोयीचं पान असे. बोक आणि त्याच्या मित्रानं ती घडीची, खिशात मावेल अशी केली आणि जाहिरातींच्या बळावर नाटकगृहांना फुकट पुरवली. घडीची पत्रिका जपून ठेवता येते आणि पाकिटातही सहज बसते. पुढं हा मनुष्य ‘लेडीज होम जर्नल’चा तीस वर्षं संपादक होता. त्याच्या आत्मचरित्राला १९२१ चं पुलित्झर मिळालं, आणि १९२४ मध्ये त्याची पत्नी मेरी लुईस कर्टिस बोक हिनं फिलाडेल्फियात कर्टिस संगीत संस्था स्थापन केली.

फिरत्या कलावंतांची पत्त्याची अडचण चाहत्यांपुरती नव्हती. त्यांच्या आई-बापांनाही तीच होती. १८९४ मध्ये सिनसिनाटीत सुरू झालेल्या ‘बिलबोर्ड’नं त्यावर तोडगा काढला. हे नियतकालिक आज गाण्यांच्या क्रमवारीमुळं ओळखलं जातं, पण त्याचा जुना गोतावळा सर्कस, जत्रा आणि फिरत्या नाटक मंडळ्यांचा होता. या लोकांची पत्रं आपल्या कचेरीत घ्यायची, कुणाकुणाची पत्रं पडून आहेत याची यादी अंकात छापायची आणि माणूस जिथं असेल तिथं ती पाठवायची, असा उद्योग ‘बिलबोर्ड’नं चालवला. पहिल्या महायुद्धात सैन्यभरतीच्या नोटिसाही फिरत्या कलावंतांना याच पत्त्यावर आल्या. १९६० च्या दशकात ही सेवा बंद झाली, तेव्हाही आठवड्याला दीड हजार पत्रं हाताळली जात होती.

सभागृहांत हे काम रंगमंचामागच्या दाराशी होई. लंडनच्या नाटकगृहांत त्या दाराशी एक द्वारपाल बसतो. त्याच्या पाठीमागं अक्षरांच्या क्रमानं लावलेले लाकडी खण असतात. त्या दिवशीच्या कलावंतांची पत्रं त्या खणांत पडतात. मोठ्या वृंदवादनगृहांमध्ये पत्र आधी कचेरीत, तिथून कार्यक्रम व्यवस्थापकाकडं आणि मग दौऱ्याच्या व्यवस्थापकाच्या हाती जातं. गायक-वादक दुपारी साऊंड चेक उरकतो आणि कार्यक्रमाला दोन-अडीच तास असतात. टेबलावर पाकिटांचा गठ्ठा असतो. सहीवाल्यांच्या नजरेतला सोन्याचा क्षण तो हाच. व्यवस्थापक कंटाळला असेल, गाडी उशिरा पोचली असेल किंवा घसा बसला असेल, तर गठ्ठा तसाच राहतो आणि रात्री ट्रकमध्ये सामानाबरोबर दुसऱ्या गावी जातो. कधी तो ‘पाठवणाऱ्यास परत’ असा शिक्का घेऊन येतो. कधी येतच नाही.

म्हणून या नादातल्या जाणत्या मंडळींनी आपले नियम घडवले. पत्र एका पानापेक्षा मोठं नसावं आणि हातानं लिहिलेलं असावं. वस्तू एक, फार तर दोन. सही कुठं हवी तिथं छोटी चिठी चिकटवावी. फोटो दुमडू नये म्हणून दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावावा. हरवली तर आयुष्यभर हळहळ वाटेल अशी वस्तू मुळात पाठवूच नये. आणि ज्याच्या नावानं पोस्टर छापलंय त्याच्यापेक्षा मागं ड्रम वाजवणाऱ्याला लिहावं, कारण त्याला पत्रं कमी येतात आणि तो उत्तर देतो.

परदेशी चाहत्याची अडचण निराळी होती. पुण्याच्या माणसानं लंडनला पाकीट पाठवलं, तर परतीच्या पाकिटावर भारतीय तिकीट लावून उपयोग नाही. ब्रिटिश तिकीट हवं, ते पुण्यात कुठून आणणार? जागतिक टपाल संघाच्या १९०६ च्या रोम अधिवेशनात यावर उपाय निघाला आणि पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय उत्तर-कुपन वापरात आलं. आपल्या देशात पैसे भरून कुपन घ्यायचं, पत्रात घालायचं. पलीकडच्या माणसानं ते आपल्या पोस्टात देऊन परदेशी पत्रापुरतं तिकीट घ्यायचं. भारतातल्या पोस्टांतही ही कुपनं मिळत. देशोदेशींच्या चलनांच्या भावांतल्या फरकावर या कुपनांतून अमाप नफा काढतो, अशी थाप मारून चार्ल्स पोन्झीनं १९२० मध्ये बोस्टनमध्ये हजारो लोकांना बुडवलं. जुन्या गुंतवणूकदारांना नव्यांच्या पैशातून भागवण्याच्या लबाडीला त्याचं नाव कायमचं चिकटलं. सहीवाल्यांनी मात्र ही कुपनं पुढंही इमानानं वापरली.

पत्रांना उत्तर देण्याचा खरा शौक असलेला कलावंत म्हणजे लुई आर्मस्ट्राँग. वर्षाचे बहुतेक दिवस तो रस्त्यावर असे, पण त्याच्या सामानात ट्रम्पेटबरोबर टाइपरायटरही असे. हॉटेलच्या खोलीत, मैफलीआधी, विंगेत तो टकटक करत बसे. त्याची पत्रं लांबलचक, विनोदी, विरामचिन्हांची स्वतःची रीत असलेली. स्विस क्रिस नावाच्या वनस्पतीजन्य रेचकावर त्याची इतकी भक्ती होती, की त्यानं स्वतःचं एक कार्ड छापून घेतलं होतं : दाराच्या कुलपाच्या छिद्रातून दिसणारा, संडासात बसलेला हसरा आर्मस्ट्राँग. ते तो ओळखीच्यांना आणि चाहत्यांना धाडत असे. न्यूयॉर्कमधल्या क्वीन्स भागातलं त्याचं घर आता संग्रहालय आहे. त्याची पत्रं, चिकटवह्या, ध्वनिफिती तिथं सांभाळून ठेवल्या आहेत.

आर्मस्ट्राँगच्याच काळात सहीसाठी पाठवायची वस्तू बदलली. १९४० च्या सुमारास कोलंबिया कंपनीसाठी अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस यानं रेकॉर्डच्या करड्या पाकिटांवर चित्रं काढायला सुरुवात केली. १९४८ मध्ये त्याच कंपनीनं बारा इंची दीर्घवादी तबकडी आणली आणि तिचं चौकोनी, रंगीत कव्हर चाहत्याच्या घरातलं सर्वांत देखणं चित्र होऊन बसलं. त्यावर सही हवी, तर अडचणी दोन. एक, हे कव्हर पोस्टाच्या साध्या पाकिटात मावत नाही. त्यासाठी पुठ्ठ्याचा चपटा खोका करावा लागतो. दोन, गुळगुळीत कागदावर शाईचा पेन पसरतो आणि बॉलपेन चरे पाडतो. १९६४ मध्ये अमेरिकेत शार्पी हा कायम शाईचा मार्कर आला, आणि दुसरी अडचण मिटली. गडद कव्हरांसाठी पुढं चंदेरी-सोनेरी शाई आली. सहीवाले परतीच्या पाकिटाबरोबर कधीकधी मार्करही घालून देत. तो परत येईल, अशी अपेक्षा न ठेवता.

आणि मग बीटल्स आले.

लिव्हरपूलच्या फ्रीडा केलीनं किशोरवयातच त्यांच्या चाहता मंडळाचं काम हाती घेतलं. सुरुवातीला मंडळाचा पत्ता म्हणून तिनं भोळेपणानं स्वतःच्या घरचा पत्ता दिला होता. पोस्टमन पोती ओतायला लागला, तेव्हा तिच्या वडिलांच्या स्वतःच्या चिठ्ठ्या त्या ढिगात सापडेनात. सह्यांच्या बाबतीत फ्रीडा कर्मठ. केसांची बट पाठवायची तर ती त्या त्या बीटलच्याच डोक्यावरची हवी. मदतनीस मुलीनं भलतेच केस घातले, हे कळल्यावर फ्रीडानं तिला कामावरून काढलं. एका मुलीनं उशीचा अभ्रा पाठवून त्यावर रिंगो स्टारनं एक रात्र झोपावं, अशी विनंती केली. फ्रीडानं तो अभ्रा रिंगोच्या आईच्या हवाली केला आणि मागणी पुरी करून घेतली. २०१३ मध्ये तिच्यावर माहितीपट निघाला, तेव्हा कुठं या कामाची लोकांना ओळख झाली.

दौऱ्यावर मात्र फ्रीडा नव्हती. रंगमंचामागं वह्या, पत्रिका आणि फोटोंचे ढीग येऊन पडत. त्यातल्या अनेकांवर नील अ‍ॅस्पिनॉल आणि मॅल इव्हान्स या दोन सहायकांनी चौघांच्याही सह्या ठोकून दिल्या. दोघांचा हात बसला होता. आज बीटल्सच्या सह्यांची पारख करणारे या दोघांच्या अक्षरांचाही स्वतंत्र अभ्यास करतात. एल्विस प्रेस्लीचंही तेच. १९५८ ते १९६० मध्ये तो जर्मनीत सैन्यात होता, तेव्हा चाहत्यांच्या पत्रांना उत्तरं देण्यासाठी ठेवलेल्या सचिव तरुणीनं त्याची सही करायला शिकून घेतली होती. पाकीट उघडून आनंदानं नाचलेल्या किती घरांत या हातांच्या सह्या चौकटीत लावल्या असतील, त्याची गणती नाही.

ग्रामीण अमेरिकेच्या कंट्री संगीतात व्यवहार जास्त आपुलकीचा राहिला. कोलोरॅडोतल्या वाइल्ड हॉर्स नावाच्या वस्तीत राहणाऱ्या जॉन्सन आडनावाच्या तीन बहिणींनी १९६३ मध्ये लोरेटा लिनचं चाहता मंडळ काढलं आणि अनेक कलावंतांच्या मंडळांना एकत्र आणणारी संघटनाही उभारली. १९७२ पासून नॅशव्हिलमध्ये भरणाऱ्या ‘फॅन फेअर’मध्ये गायक टेबलामागं बसून रांगेतल्या प्रत्येकाला सही देऊ लागले. १९९६ मध्ये गार्थ ब्रुक्स तिथं अचानक आला आणि तेवीस तास, मधे सुट्टी न घेता, सह्या करत उभा राहिला. ज्यांना हे प्रत्यक्ष मिळत होतं, त्यांना पोस्टाची गरज कमी.

संग्रहाच्या वेडाला कलावंतही अपवाद नव्हते. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बलसारा, म्हणजे नंतरचा गायक फ्रेडी मर्क्युरी, लहानपणी पोस्टाची तिकिटं जमवत असे. वडिलांकडून हा छंद त्याच्याकडं आला. त्याच्या वहीत तिकिटं रंग आणि आकार बघून समतोल नक्षीत लावलेली आहेत. त्याच्या मृत्यूनंतर वडिलांनी ती विकली, पैसे एड्सविरोधी कामासाठी काढलेल्या मर्क्युरी फिनिक्स ट्रस्टला गेले, आणि वही आज लंडनच्या टपाल संग्रहालयात आहे. ज्या बँडच्या पत्त्यावर जगभरातून सह्यांसाठी पाकिटं येत होती, त्याच्या गायकाची सर्वांत जपलेली बालपणीची चीज पोस्टाच्या तिकिटांची निघावी, हा योगायोग छान आहे.

हा मामला फिसकटायला १९८० पासून सुरुवात झाली. ८ डिसेंबरला संध्याकाळी न्यूयॉर्कच्या डकोटा इमारतीबाहेर जॉन लेननं ‘डबल फँटसी’च्या कव्हरवर एकाला सही दिली, त्याच माणसानं रात्री त्याचा खून केला. सही मागणाऱ्या अनोळखी हाताकडं बघण्याची कलावंतांची आणि त्यांच्या रखवालदारांची नजर त्यानंतर पूर्वीसारखी राहिली नाही. २००१ च्या शरद ऋतूत अमेरिकेत अँथ्रॅक्सची भुकटी भरलेली पत्रं फिरली आणि पाच माणसं दगावली, तेव्हा जाड, अनोळखी पाकीट हीच एक भीतीची वस्तू झाली.

त्याहून मोठा घाव पैशानं घातला. १९९५ मध्ये ईबे सुरू झालं आणि सही ही कुठल्याही घरातून विकता येणारी वस्तू बनली. नव्वदच्या दशकात एफबीआयनं सॅन दिएगोतून ‘ऑपरेशन बुलपेन’ हाती घेतलं आणि बनावट सह्यांच्या टोळ्या उघड केल्या. खेळाडूंबरोबर कलावंतांच्या नावांचाही त्यात बाजार होता. मार्च २०१३ मध्ये चारही बीटल्सनी सही केलेलं ‘सार्जंट पेपर’चं कव्हर डलासच्या लिलावात २ लाख ९० हजार ५०० डॉलरला गेलं. असे आकडे छापून आले, की सभागृहाच्या टेबलावरच्या गठ्ठ्यातलं कुठलं पाकीट खऱ्या चाहत्याचं आणि कुठलं विक्रेत्याचं, हे ओळखायचं कसं? कलावंतांनी एक उपाय काढला : ‘अमक्यास’ असं नाव घालूनच सही द्यायची, म्हणजे विकायला किंमत कमी येते. काहींनी देणंच थांबवलं. ऑक्टोबर २००८ मध्ये रिंगोनं आपल्या संकेतस्थळावर चित्रफीत टाकली. शांती आणि प्रेमाचा पुकारा करत त्यानं जाहीर केलं, की २० ऑक्टोबरनंतरच्या शिक्क्याचं पत्र आलं तर ते फेकलं जाईल, कसलीही वस्तू पाठवू नका. २०२१ मध्ये पॉल मॅकार्टनीनंही आपण सह्या देत नाही, कागदावर नाव खरडण्याचा हा प्रकारच आपल्याला विचित्र वाटतो, असं सांगितलं.

यंत्राचा हात तर आधीपासून होताच. जॉन हॉकिन्सच्या १८०३ मध्ये पेटंट झालेल्या यंत्रात एक लेखणी हातानं चाले आणि दुसरी तिची हुबेहूब नक्कल करे. थॉमस जेफरसन ते आवडीनं वापरत असे. विसाव्या शतकातलं ऑटोपेन याहून पुढचं : सही एकदा साच्यात घातली की माणसाची गरजच उरत नाही. पारखी लोक अशा दोन सह्या एकमेकींवर ठेवून उजेडात धरतात. माणसाच्या दोन सह्या कधीच तंतोतंत जुळत नाहीत; यंत्राच्या जुळतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये बॉब डिलनच्या नव्या पुस्तकाच्या सही केलेल्या ९०० प्रती प्रत्येकी ५९९ डॉलरला विकल्या गेल्या. घेणाऱ्यांनी आपापल्या प्रतींचे फोटो एकमेकांना दाखवले आणि सह्या जुळल्या. प्रकाशकानं पैसे परत केले. डिलननं निवेदन काढून चूक कबूल केली : चक्कर येण्याचा त्रास आणि साथीचा काळ यांमुळं आपण यंत्र वापरलं. कलावंताच्या मदतनिसांचा हात जे काम पूर्वी गुपचूप करत होता, ते यंत्रानं उघडं पाडलं.

आता मोठी स्टेडियमं बहुधा कलावंताच्या नावानं आलेली चाहत्यांची पाकिटं घेत नाहीत; तिकिटाबरोबर ‘भेट आणि फोटो’चं महाग पॅकेज मात्र मिळतं. छोटी जॅझगृहं आणि शहरातली वृंदवादनगृहं अजूनही पाकीट पुढं पोचवतात, कारण तिथं दाराशी बसणारा माणूस तोच असतो आणि वादकही नेहमीचे. परदेशी पाकिटांचं गणित मात्र अवघड झालंय. ब्रिटनच्या रॉयल मेलनं उत्तर-कुपनांची विक्री २०११ अखेर बंद केली, अमेरिकेच्या टपाल खात्यानं २०१३ मध्ये. त्यामुळं अनेकांनी ब्रिटिश तिकिटांचा साठा घरी करून ठेवला होता. रॉयल मेलनं तिकिटांवर बारकोड आणला आणि ३१ जुलै २०२३ नंतर रोजच्या वापराची बिनबारकोडची तिकिटं टपालाला चालेनाशी झाली. जुनी तिकिटं पाठवून नवी बदलून घेता येतात, पण आधीच परतीच्या पाकिटावर चिकटवून सभागृहाकडं रवाना केलेल्या तिकिटांना ती सोय नाही. अशा पाकिटाचा दंड पोस्ट ज्याच्या नावानं पाकीट आहे त्याच्याकडून वसूल करतं, म्हणजे सही मागणाऱ्याकडूनच. या नादातले ब्रिटिश लोक म्हणून आता परतीच्या पाकिटावर बारकोडचं नवं तिकीट लावतात, आणि परदेशातले आधी सभागृहाला ई-मेल टाकून विचारतात, की पाकीट घेणार का.